"वरून आलीच नाही" : खिडकीतली गोळी आणि विधानसभेतला हिशेब

सरकारी दवाखान्याच्या औषध खिडकीसमोरची रांग आपल्या घराघराला माहीत आहे. मजुरी बुडवून गेलेली बाई केसपेपर हातात धरून तासभर उभी राहते, नंबर लागतो आणि खिडकीतून उत्तर येते, "आजी, ही गोळी नाही जी. वरून आलीच नाही. बाहेरून घेऊन घ्या."

माझ्या आईच्या बीपीच्या गोळ्यांसाठी हे उत्तर मी एकाच दवाखान्यात लागोपाठ तीन वेळा ऐकले आहे. तिसऱ्या वेळी आईनेच विचारले, "वरून म्हंजे कोठून जी?" खिडकीतला माणूस नुसता हसला. त्याच्या हातात तरी काय होते? त्याच्याकडे रिकामा खोका होता आणि समोर पन्नास माणसे होती.

आईचा प्रश्न मात्र बरोबर होता. 'वर' म्हणजे आभाळ नव्हे. 'वर' म्हणजे काही ठरावीक कार्यालये, काही ठरावीक कागद आणि एक सभागृह आहे. तिथे आपल्या गोळीचे पैसे मंजूर होतात आणि ते कुठे गेले याचा हिशेबही तिथेच द्यावा लागतो. या वेळच्या आरोग्य पानावर हा रस्ता समजून घेऊ. कोणत्या आजारावर काय खावे हे जितके कामाचे, तितकेच हेही कामाचे आहे.

कर आपणही भरतो

वस्तीत बोलताना पुष्कळदा ऐकू येते, "आपण गरीब मानसं, आपल्याले कायचा टॅक्स?" हा गैरसमज आधी काढून टाकला पाहिजे. आयकर आपल्यापैकी थोडेच लोक भरतात हे खरे. पण आयकर म्हणजे सगळा कर नव्हे. जुलै २०१७ पासून देशात जीएसटी आला. तो आपण दुकानात वस्तूच्या किमतीतच भरतो. ११८ रुपयांचे मोबाइल रिचार्ज केले तर त्यातले १८ रुपये कराचे असतात. अंगाचा साबण, टूथपेस्ट आणि डोक्याचे तेल यांवर सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के कर होता, आता ५ टक्के आहे. बहुतेक औषधांवरचा कर त्याच वेळी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे दवाखान्यात गोळी मिळाली नाही म्हणून जी पट्टी आपण मेडिकलमधून विकत आणतो, तिच्यावरही सरकार आपल्याकडून कर घेते. दवाखान्यातली गोळी आपल्याच कराच्या पैशाची, आणि ती न मिळाल्यावर बाहेरच्या गोळीवर पुन्हा कर.

हा कर घेताना दुकानदार आपली मजुरी किती आहे ते विचारत नाही. कापूस वेचणारी बाई आणि जिनिंगचा मालक एका साबणावर सारखाच कर देतात. दोघांच्या मिळकतीशी त्या कराची तुलना केली की भार कोणावर जास्त पडतो ते कळते.

करही प्रश्न विचारल्यावर बदलतो, याचे एक उदाहरण आपल्या भगिनींना ठाऊक असेल. जीएसटी आला तेव्हा सॅनिटरी पॅडवर १२ टक्के कर लावला होता. पाळी ही काही चैन नव्हे, मग हा कर कशासाठी, असा सवाल देशभरातल्या महिलांनी केला. सह्यांच्या मोहिमा झाल्या. शेवटी जीएसटी परिषदेने जुलै २०१८ मध्ये तो कर पूर्ण काढला. या परिषदेत केंद्राचे आणि सर्व राज्यांचे मंत्री बसतात, म्हणजे आपल्या राज्याचा मंत्रीही त्या निर्णयात सहभागी असतो.

संविधानाचे कलम २६५ सांगते की कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर लावता येणार नाही आणि वसूलही करता येणार नाही. कर लावायचा तर कायदा हवा आणि कायदा करायचा तर निवडून दिलेल्या प्रतिनिधींचे सभागृह हवे. पैसा घेण्याआधी विचारा आणि खर्च केल्यावर सांगा, असा हा सरळ व्यवहार आहे.

बाबासाहेब आणि सरकारी पैसा

बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते हे आपण जयंतीच्या भाषणात ऐकतो. त्यांच्या अभ्यासाचा विषय मात्र भाषणात क्वचितच येतो. १९२५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा कोलंबिया विद्यापीठातला प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतांच्या अर्थव्यवस्थेवर होता. केंद्राच्या आणि प्रांतांच्या तिजोऱ्या कशा वेगळ्या झाल्या, कोणाच्या हातात किती पैसा आला आणि त्याचा जाब कोणाला द्यायचा, हेच त्यात तपासले आहे.

पुढे ते मुंबई कायदे मंडळाचे सदस्य झाले. फेब्रुवारी १९२७ मध्ये त्यांनी तिथे अर्थसंकल्पावर भाषण केले. कर कोणाकडून घेतला जातो हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. आयकरात ठरावीक उत्पन्नापर्यंत सूट मिते, पण शेतसारा मात्र एक-दोन एकरांच्या गरीब शेतकऱ्यालाही सुटत नाही, पीक बुडाले तरी सुटत नाही, ही विषमता त्यांनी सभागृहासमोर मांडली. सभागृहात जाऊन थोडेच दिवस झाले होते आणि सुरुवातीलाच त्यांनी सरकारच्या जमाखर्चाला हात घातला.

त्यानंतर महिन्याच्या आत, २० मार्च १९२७ रोजी, त्यांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. या दोन गोष्टींचा संबंध आहे. ऑगस्ट १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदे मंडळात एक ठराव मांडून मंजूर करून घेतला होता. सार्वजनिक पैशातून बांधलेली आणि चालवली जाणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा ही ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत, असा तो ठराव होता. त्यात शाळा, न्यायालये यांच्यासोबत दवाखान्यांचाही उल्लेख होता. महाड नगरपालिकेने या ठरावाच्या आधारे तळे खुले केल्याचे जाहीर केले, पण प्रत्यक्षात पाणी कोणी घेऊ देत नव्हते. कागदावर मंजूर झालेला हक्क हातात पडावा म्हणून महाडचा सत्याग्रह झाला.

म्हणून महाडची लढाई माणुसकीची होती, तशीच ती सार्वजनिक पैशाचीही होती. जे सर्वांच्या पैशाने उभे राहिले ते सर्वांचे. दवाखाना त्या यादीत शंभर वर्षांपूर्वीच आला होता. आज दवाखान्याचे दार आपल्याला कोणी अडवत नाही. पण दार उघडे आणि खोका रिकामा असेल, तर हक्क पुन्हा कागदावरच राहिला.

तीन दवाखाने, तीन थैल्या

"सरकारी दवाखाना" हा आपला एकच शब्द. सरकारच्या हिशेबात मात्र त्याच्या वेगवेगळ्या थैल्या आहेत. चुकीच्या थैलीवाल्याला प्रश्न विचारला तर "हे आमच्याकडे येत नाही" एवढेच उत्तर मिळते. म्हणून ही विभागणी पाठ करून ठेवा.

- गावातले उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असते. तिथला अधिकारी म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी.
- तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे. त्यावर जिल्हा शल्य चिकित्सकांची देखरेख असते.
- यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे. त्याचा मंत्री वेगळा, तरतूद वेगळी.
- वस्तीतली नाली, कचरा आणि पिण्याचे पाणी यांची जबाबदारी कळंब शहरात नगरपंचायतीची, खेड्यात ग्रामपंचायतीची.
- आपल्या वस्त्यांच्या सुधारणेसाठी असलेला खास निधी सामाजिक न्याय विभागाचा.

या फरकाचा थेट अनुभव आपल्याला येतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या विभागाची असल्यामुळे ती या निर्णयात नव्हती. म्हणून कळंबला केसपेपरचे पैसे लागत नाहीत आणि यवतमाळला पाठवल्यावर काही बाबींचे लागतात, तेव्हा आपल्याला फसवल्यासारखे वाटते. तिथे फसवणुकीपेक्षा वेगवेगळ्या विभागांचे वेगवेगळे नियम हे कारण असते. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड सोबत ठेवा. सवलत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या दोन्हींची चौकशी तिथल्या समाजसेवा अधीक्षकांकडे किंवा आरोग्यमित्राकडे आधी करा, मगच खिशात हात घाला.

रुपया मुंबईहून कसा निघतो

दरवर्षी साधारण मार्चमध्ये मुंबईत राज्याचा अर्थसंकल्प मांडला जातो. टीव्हीवर आपण घोषणा ऐकतो. खरे काम त्यानंतर सुरू होते. प्रत्येक विभाग आपापल्या खर्चाची 'मागणी' सभागृहासमोर ठेवतो. विधानसभेचे सदस्य त्यावर चर्चा करतात, हवे असेल तर कपात सूचना देतात. म्हणजे, "तुमच्या कामावर आम्ही समाधानी नाही, म्हणून या रकमेतून इतके कमी करा," असे म्हणून मंत्र्याला उत्तर द्यायला लावतात. मागण्या मंजूर झाल्या की विनियोजन विधेयक येते. ते मंजूर झाल्याशिवाय राज्याच्या तिजोरीतून एक रुपयाही काढता येत नाही. संविधानाची कलमे २०२ ते २०४ यासाठीच आहेत. संसदेत केंद्राच्या पैशांसाठी हीच पद्धत आहे.

अडचण अशी की वेळ कमी पडतो. सगळ्या विभागांवर चर्चा होतच नाही. उरलेल्या मागण्या शेवटच्या दिवशी एकगठ्ठा मंजूर होतात. दिल्लीतही हेच घडते. हजारो कोटी रुपये चर्चेविना पुढे सरकतात. गोंधळाने अधिवेशनाचे दिवस वाया गेले की आपण टीव्हीसमोर करमणूक म्हणून बघतो. पण त्या दिवसांत कदाचित आपल्याच दवाखान्याच्या पैशावर बोलणे व्हायचे होते.

वर्षाच्या मध्ये पैसे कमी पडले तर 'पुरवणी मागण्या' येतात. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात त्यांवर बरीच चर्चा असते. ते अधिवेशन कळंबहून फार लांब नाही. आपले किती मोर्चे तिथे गेले आहेत!

आता एक महत्त्वाची गोष्ट. अर्थसंकल्पात आकडा आला म्हणजे पैसा आला असे नाही. आधी 'तरतूद' होते, मग निधी 'वितरित' होतो, मग खरेदी होते, मग माल पोहोचतो. यातली प्रत्येक पायरी अडू शकते. कळंबकरांना याचे उदाहरण रुळावरच दिसेल. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्ग मंजूर होऊन दीड दशक लोटले, तेव्हा कुठे २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्ध्याहून कळंबपर्यंतचा टप्पा सुरू झाला. रेल्वेची वाट पंधरा वर्षे पाहता येते. बीपीच्या गोळीची पंधरा दिवसही पाहता येत नाही.

औषधांचे अडणे बहुतेक वेळा खरेदीच्या पायरीवर होते. २०१७ पासून राज्यातल्या सरकारी रुग्णालयांची औषध खरेदी हाफकिन महामंडळामार्फत करायचे ठरले. मागणी नोंदवूनही औषधे वेळेवर येत नाहीत अशी ओरड वर्षानुवर्षे चालली. अखेर २०२३ मध्ये कायदा करून औषध खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण उभारण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात नवजात बाळेही होती. औषधे, मनुष्यबळ आणि निधी हे तिन्ही प्रश्न तेव्हा राज्यभर गाजले आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली. माणसे गेल्यावर हिशेब विचारण्यापेक्षा तो आधी विचारलेला बरा.

हिशेब तपासणारा

खर्च झाल्यावर तो तपासायचा कोणी? सरकारनेच सरकारचा हिशेब तपासला तर तो हिशेब राहणार नाही. म्हणून संविधानाने भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक हे स्वतंत्र पद ठेवले. लोक त्याला 'कॅग' म्हणतात. संविधान सभेत मे १९४९ मध्ये या पदावर चर्चा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी हा कदाचित संविधानातील सर्वात महत्त्वाचा अधिकारी आहे असे मत मांडले होते. सभागृहाने मंजूर केले तेवढेच आणि त्याच कामावर खर्च होते की नाही, हे पाहणारा माणूस दुबळा राहू नये, असा त्यांचा आग्रह होता.

कॅगचा राज्याविषयीचा अहवाल राज्यपालांकडे जातो आणि तिथून विधिमंडळात ठेवला जातो. मग विधिमंडळाची लोकलेखा समिती तो हातात घेते. या समितीत सर्व पक्षांचे आमदार असतात आणि तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची पद्धत आहे. संसदेतही १९६७ पासून तसेच चालते. समिती सचिवांना बोलावून विचारते, "हा पैसा पडून का राहिला? ही यंत्रे बंद का आहेत?" सभागृहात भाषण देऊन सुटता येते, समितीपुढे कागद दाखवावा लागतो. जिल्हा परिषदेच्या हिशेबासाठी वेगळी पंचायत राज समिती आहे. ती जिल्ह्यात येते, तेव्हा कार्यालयांची झाडलोट कशी होते ते आपण पाहिले असेल.

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर अधिवेशनात महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्यसेवेवरचा कॅगचा अहवाल मांडला गेला. त्यात २०१६-१७ ते २०२१-२२ या वर्षांची तपासणी होती. मंजूर पदांच्या मानाने परिचारिकांची सुमारे ३५ टक्के पदे रिकामी असल्याचे त्यात नोंदवले आहे. म्हणजे जिथे तीन सिस्टर हव्यात तिथे दोघीच राबतात. डॉक्टरांची आणि तंत्रज्ञांचीही मोठी कमतरता त्यात दाखवली आहे. औषध पुरवठ्यातल्या दिरंगाईवरही बोट ठेवले आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक आरोग्यावर खर्च करावा असे म्हटले होते. महाराष्ट्र त्याच्या बराच मागे आहे.

म्हणून रांगेत उभे असताना सिस्टरवर ओरडण्याआधी थोडे थांबा. ती दोन बायांचे काम एकटी करत असेल. रिकामी खुर्ची कोणाची आहे, ती कधीपासून रिकामी आहे, हा प्रश्न तिच्या वरच्याला विचारा.

या तपासणीची एक मर्यादाही लक्षात घ्या. २०१६ सालचा खर्च २०२४ साली सभागृहात आला. दरम्यान कित्येक अधिकारी निवृत्त झाले, कित्येक रोगी दगावले. लेखापरीक्षण म्हणजे शवविच्छेदन आहे. ते दुखण्याचे कारण अचूक सांगते, पण रोगी जिवंत असताना नाडी पाहायची तर त्याच अधिवेशनात, त्याच वर्षी प्रश्न विचारावा लागतो.

यवतमाळने काय पाहिले

२०१७ चा पावसाळा आपल्या जिल्ह्याला विसरता येणार नाही. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो जण यवतमाळच्या रुग्णालयात भरती झाले. अनेकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. फवारणीचा पंप पाठीवर घेणारे हात बहुतेक मजुरांचे असतात आणि मजूर कोणत्या वस्त्यांतून येतात ते आपल्याला सांगायला नको. चौकशीसाठी विशेष पथक नेमले गेले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेले.

तेव्हा मजुरांनी मास्क घातला नाही यावरच पुष्कळ बोलले गेले. दुसरी बाजूही तेवढीच मोठी होती. विषबाधेचे प्रमाण कळण्यासाठी रक्ताची खास तपासणी लागते, उतारा लागतो, अतिदक्षता विभागात खाटा लागतात. या सगळ्या वस्तू अर्थसंकल्पातल्या तरतुदीतून येतात. बंदी असलेली किंवा परवानगी नसलेली औषधे दुकानात विकली जातात का, हे तपासणाऱ्या निरीक्षकाचा पगारही त्याच अर्थसंकल्पातून होतो. खर्चाच्या एका ओळीवर कोणी प्रश्न केला नाही, तर त्याची किंमत कोणाच्या तरी श्वासाने मोजावी लागते.

आपला निधी दुसरीकडे जातो तेव्हा

आपल्या समाजाने विशेष लक्ष द्यावे अशी एक बाब मे २०२५ मध्ये घडली. सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख रुपये आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये 'लाडकी बहीण' योजनेच्या हप्त्यासाठी महिला व बालविकास विभागाकडे वळवण्यात आले. खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनीच यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. लाभार्थी बहिणींत अनुसूचित जाती-जमातींच्याही महिला आहेत, असे समर्थन दुसऱ्या बाजूने केले गेले.

यात गोंधळ होऊ देऊ नका. आपल्या कित्येक माय-बहिणींच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये येतात, त्यातून घरात दूध येते, औषध येते. त्या पैशाला विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न असा आहे की तो कोणत्या थैलीतून यावा. अनुसूचित जातींसाठी वेगळा निधी ठेवण्याचे धोरण १९७९-८० पासून आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी त्यांच्यासाठीच्या कामांवर खर्च व्हावा, असे त्याचे सूत्र आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे १२ टक्के आहे. जी योजना सर्व समाजांतील महिलांसाठी आहे तिचा भार सर्वांच्या तिजोरीने उचलावा. आपल्या निधीतून तो उचलला तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने घेतल्यासारखे होते.

आरोग्याशी याचा संबंध काय, असे कोणी विचारेल. आपण अजूनही 'दलित वस्ती सुधार' म्हणूनच ओळखतो त्या योजनांतून वस्तीत नाली, पाणी, रस्ता, दिवे होतात. नाली बांधली नाही तर पाणी तुंबते, डास होतात, डेंग्यू येतो. नळाची पाइप नालीतून गेली तर हगवण येते. मग आपण पुन्हा त्याच औषध खिडकीसमोर उभे राहतो. आंध्र प्रदेश, तेलंगणा आणि कर्नाटकात हा निधी राखून ठेवण्यासाठी कायदे केले आहेत. तसा कायदा महाराष्ट्रातही हवा ही मागणी जुनी आहे. कोणत्याही पक्षाचा उमेदवार वस्तीत आला की त्याला हे एवढे तरी विचारायला हवे.

आपण काय करू शकतो

सभागृह मुंबईत, आपण कळंबात. तरी प्रश्न तिथपर्यंत जातो. त्यासाठी राग पुरत नाही, नोंद लागते.

पहिले, वही ठेवा. विहारात किंवा महिला मंडळात एक वही असू द्या. गोळी मिळाली नाही तर तारीख, दवाखाना आणि औषधाचे नाव लिहा. डॉक्टरांची चिठ्ठी आणि मेडिकलचे बिल यांचा फोटो काढून ठेवा. तीन महिन्यांत अशा तीस नोंदी झाल्या की ती तक्रार राहत नाही, तो पुरावा होतो.

दुसरे, माहिती मागा. माहिती अधिकार कायदा २००५ खाली दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. दारिद्र्यरेषेखालील कार्डधारकांना शुल्क नाही. अर्जात भाषण लिहू नका. या वर्षी औषधांसाठी किती निधी मिळाला, किती खर्च झाला, किती परत गेला, कोणती औषधे मागितली होती, कोणती आली, मंजूर पदे किती, भरलेली किती, एवढेच विचारा.

तिसरे, जवळचे दार आधी ठोठवा. रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते, गावाला आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. त्यांच्याकडे स्थानिक गरजेसाठी थोडा निधीही येतो. त्या समितीत आपल्या वस्तीचे कोण आहे आणि शेवटची बैठक कधी झाली, याची चौकशी करा. आपल्या राज्यात २००७ पासून काही जिल्ह्यांत लोकांनीच आरोग्यसेवेवर देखरेख ठेवण्याचा प्रयोग झाला. जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर गावकरी उभे राहिले आणि कित्येक ठिकाणी बंद सेवा सुरू झाल्या.

चौथे, आमदारांकडे तयार प्रश्न न्या. कळंब राळेगाव मतदारसंघात येते. मतदारसंघाचा आमदार मंत्री असेल तर तो सभागृहात उत्तरे देतो, प्रश्न विचारत नाही. अशा वेळी जिल्ह्यातील दुसऱ्या आमदारांकडे किंवा विधान परिषदेच्या सदस्यांकडे जा. प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात, म्हणून मोर्च्याच्या दिवशी निवेदन देऊन भागत नाही. प्रश्न साधारण असा लिहावा :

"सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) यवतमाळ जिल्ह्यातील ग्रामीण रुग्णालयांत रक्तदाब व मधुमेहाच्या औषधांचा चालू वर्षात तुटवडा झाला हे खरे आहे काय, (२) असल्यास, मागणी केव्हा नोंदविली व पुरवठा केव्हा झाला, (३) परिचारिकांची किती पदे रिक्त आहेत, (४) ती भरण्याबाबत कोणती कार्यवाही केली आहे?"

याला 'तारांकित प्रश्न' म्हणतात. त्याचे उत्तर मंत्र्याला सभागृहात द्यावे लागते. मुंबईत प्रश्न लागला की खालची सगळी कार्यालये माहिती गोळा करायला धावतात. कित्येकदा उत्तर देण्याआधीच औषध पोहोचते.

पाचवे, समित्या लक्षात ठेवा. विधिमंडळाची अनुसूचित जाती कल्याण समिती आणि विनंती अर्ज समिती या दोन्हींकडे आपली नोंद पाठवता येते. जिल्ह्यात समितीचा दौरा असल्याची बातमी वाचली की ती वही घेऊन जा.

आणि तोपर्यंत

हिशेब विचारणे चालू असताना प्रकृतीकडे दुर्लक्ष करू नका. बीपी, शुगर, फिट, दमा आणि टीबी यांची औषधे खिडकीत नाहीत म्हणून परस्पर बंद करायची नाहीत. त्याच दवाखान्यात डॉक्टरांना पुन्हा भेटा, त्या गुणाची दुसरी गोळी साठ्यात आहे का ते विचारा. बाहेरूनच घ्यावी लागली तर जनऔषधी केंद्रात त्याच औषधाची स्वस्त गोळी मिळते का ते पाहा. बिल मात्र फेकू नका.

माझ्या आईने आता तिच्या केसपेपरच्या मागच्या बाजूला तारखा लिहून घ्यायला सुरुवात केली आहे. तिला लिहिता येत नाही, नात लिहून देते. मागच्या वेळी खिडकीतून तेच उत्तर आले तेव्हा ती म्हणाली, "बरं बाप्पा, तारीख सांगा आजची, लिहून ठेवतो." खिडकीतल्या माणसाने आत जाऊन पुन्हा एकदा पाहिले. गोळ्या तेव्हाही नव्हत्या. पण पुढच्या आठवड्यात कधी यायचे ते त्याने सांगितले, आणि मागणीचा कागद कोणत्या तारखेला यवतमाळला गेला तेही सांगितले. 'वर' कुठे आहे हे आईला तेवढ्यापुरते तरी कळले.